मुदत ठेवीवरचे रुपे क्रेडिट कार्ड: मर्यादा किती आणि संरक्षण कुठवर

पगारपत्रक नाही, आयकर विवरणपत्र नाही, अशा माणसाला क्रेडिट कार्ड मिळण्याचा सरळ मार्ग म्हणजे मुदत ठेव तारण ठेवून घेतलेले कार्ड. यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात राहून असे एक रुपे कार्ड मी बऱ्याच काळापासून वापरतो आहे. बँकेचे नाव येथे महत्त्वाचे नाही, कारण ठेवीवरची कार्डे थोड्याफार फरकाने सगळीकडे सारखीच असतात. त्यांच्या जाहिरातीत बक्षीस गुणांचे कौतुक फार असते, पण खेड्यातल्या ग्राहकाने पाहायच्या गोष्टी दोनच: खर्चाची मर्यादा नेमकी कशी चालते आणि व्यवहार बिघडला तर कायदा आपल्या बाजूने कितपत उभा राहतो.

मर्यादेची गोष्ट आधी. साठ हजारांच्या ठेवीवर मला चोपन्न हजारांचे लिमिट मिळाले, म्हणजे ठेवीच्या नव्वद टक्के. हा आकडा एकच दिसत असला तरी त्याच्या पोटात आणखी मर्यादा असतात. एटीएममधून रोख काढण्याची मर्यादा वेगळी आणि बरीच कमी असते. रोख रकमेवर पहिल्याच दिवसापासून व्याज सुरू होते, शिवाय काढणावळ वेगळी लागते, त्यामुळे ती सोय नसल्यासारखीच समजावी. मंजूर लिमिटच्या वर खर्च होऊ द्यायचा असेल, तर त्यासाठी ग्राहकाची स्पष्ट संमती घेण्याचे बंधन रिझर्व्ह बँकेने 2022 च्या निर्देशांत घातले आहे. संमती नसेल तर लिमिट ओलांडल्याचा दंड लावता येत नाही, आणि बँकेला परस्पर लिमिट वाढवताही येत नाही. लिमिट वाढवून देतो म्हणणारे फोन वारंवार येतात. त्यांना नकार देणे हा आपला हक्क आहे.

माझ्या मते या कार्डाची सर्वांत उपयोगी मर्यादा बँकेने दिलेली नसून आपण स्वतः घातलेली असते. रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी 2020 च्या परिपत्रकानुसार देशातील व परदेशातील व्यवहार, दुकानातील यंत्र, एटीएम, ऑनलाइन खरेदी आणि कार्ड नुसते टेकवून होणारा व्यवहार यांपैकी प्रत्येक प्रकार चालू-बंद करण्याची व त्यावर रकमेची मर्यादा घालण्याची सोय ग्राहकाला द्यावीच लागते. माझ्या बँकेच्या ॲपमध्ये हे सगळे एकाच पानावर आहे. प्रत्येक प्रकारासमोर एक बटण आणि त्याखाली सरकवायची पट्टी. परदेशी व्यवहार आणि रोख ही दोन्ही बटणे मी बंद ठेवली आहेत, ऑनलाइनची पट्टी पाच हजारांवर आणली आहे आणि टेकवून होणारा व्यवहारही बंद केला आहे, कारण त्यात पाच हजारांपर्यंत पिन विचारला जात नाही. पान चांगले आहे, मात्र ते केवळ इंग्रजी आणि हिंदीत आहे. ज्या गावात बँकेचा प्रतिनिधी घरोघरी मराठीत बोलून कार्ड विकतो, तिथे हे खटकते.

आता या भागात सर्रास होणारा गैरसमज. आमच्याकडे केसीसी, म्हणजे किसान क्रेडिट कार्ड, घरोघरी ठाऊक आहे आणि नावात क्रेडिट कार्ड असल्यामुळे हे नवे कार्डही त्याच जातकुळीचे असेल असे अनेक कास्तकार धरून चालतात. ते तसे नाही. केसीसीवरचे पीक कर्ज हंगामाच्या हिशेबाने फेडायचे असते, आणि तीन लाखांपर्यंतचे कर्ज मुदतीत फेडले तर केंद्राच्या सवलतीने ते चार टक्क्यांवर येते. वर राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना आहेच. क्रेडिट कार्डाची बिनव्याजी मुदत फार तर पन्नास दिवसांच्या आसपास. जूनमध्ये बियाणे आणि डीएपी खत घ्यायचे, सोयाबीनचा चुकारा, म्हणजे विक्रीचे पैसे, ऑक्टोबरात, आणि सीतादही, म्हणजे वेचणीआधीची शेतातली पूजा, होऊन कापसाचा पहिला वेचा घरी येईस्तोवर दिवाळी. हे अंतर त्या पन्नास दिवसांत बसत नाही.

न बसल्यास काय होते, ते आकड्यांत पाहावे. 5 जूनला कृषी केंद्रात वीस हजारांची खरेदी केली, 20 जूनला बिल निघाले आणि 10 जुलै या शेवटच्या तारखेला बिलावर ठळक छापलेली किमान रक्कम, म्हणजे एक हजार रुपये, भरली, असे समजू. दरमहा साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला 42 टक्के, हा या कार्डांवर नेहमी दिसणारा दर आहे. व्याज बिलाच्या तारखेपासून नव्हे तर खरेदीच्या तारखेपासून लागते, त्यामुळे 20 जुलैच्या बिलात सुमारे 1,024 रुपये व्याज आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 184 रुपये येतात. हजार भरूनही देणे वीस हजारांच्या वरच राहिले. शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. किमान रक्कम भरल्याने उशिराचा दंड तेवढा टळतो. बियाणे-खतासारख्या निविष्ठांसाठी हे कार्ड वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. महिन्याच्या महिन्याला पगार येणाऱ्या घराच्या किराण्याला आणि पेट्रोलला ते चांगले.

यूपीआयशी जोडता येणे हा रुपे कार्डाचा मोठा गुण आहे. 2022 पासून ही सोय आहे आणि तालुक्याच्या ठिकाणी औषधांच्या दुकानात, पंपावर, कापडाच्या दुकानात ती व्यवस्थित चालते. आठवडी बाजारात मात्र बहुतेकांचा क्यूआर वैयक्तिक खात्याचा असतो आणि त्यावर क्रेडिट कार्डाने पैसे जात नाहीत.

संरक्षणाच्या बाबतीत नियम चांगले आहेत, पण ते घड्याळावर चालतात. व्यवहार आपण केलेला नसेल, दोष आपला किंवा बँकेचा नसून तिसऱ्याचाच असेल आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत तक्रार केली, तर ग्राहकाची जबाबदारी शून्य, असे रिझर्व्ह बँकेने 2017 मध्ये ठरवून दिले. चौथ्या ते सातव्या दिवसात, पाच लाखांपर्यंत लिमिट असलेल्या कार्डावर, ती जास्तीत जास्त दहा हजारांपर्यंत जाते. त्यानंतर बँकेचे धोरण चालते. बँकेने दहा कामकाजाच्या दिवसांत ती रक्कम तात्पुरती खात्यात जमा दाखवायची आणि नव्वद दिवसांत निकाल द्यायचा असतो. ओटीपी आपणच कुणाला सांगितला असेल, तर तक्रार करेपर्यंतचे नुकसान आपले. टेकडीआडच्या गावांत मोबाइलला रेंज नसते आणि संदेश दोन-दोन दिवस उशिरा पोहोचतो, म्हणून ईमेलवरही सूचना चालू ठेवावी आणि बँकेचा क्रमांक व 1930 ही सायबर मदतवाहिनी वहीत लिहून ठेवावी.

रेंजचाच दुसरा त्रास स्वाइप यंत्रावर होतो. कृषी केंद्रात एकदा यंत्रावरचे चक्र फिरतच राहिले, पावती निघाली नाही आणि थोड्या वेळाने रक्कम गेल्याचा संदेश मात्र आला. अशा वेळी दुकानदार पुन्हा कार्ड द्यायला सांगतो. 2019 च्या नियमानुसार अशी रक्कम व्यवहारानंतर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवी, आणि उशीर झाल्यास दिवसाला शंभर रुपये भरपाई मिळते. माझी रक्कम मुदतीत परत आली. शाखेतल्या कर्मचाऱ्याला मात्र हा नियमच ठाऊक नव्हता आणि त्याने मला दुकानदाराकडे पाठवले. शाखेची ही बाजू लंगडी आहे. लेखी तक्रार देऊन पोच घेतली की तीस दिवसांनी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते, आणि माहितीसाठी 14448 हा क्रमांक आहे.

कार्ड नको झाले तर थकबाकी भरून अर्ज दिल्यावर बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद करायचे असते, नाहीतर बँकेने ग्राहकाला दिवसाला पाचशे रुपये दंड द्यायचा असतो. ठेवीवरचा बोजा उतरवल्याचे पत्र मात्र त्याच अर्जात वेगळे मागून घ्यावे.