सोनेरी कोरीव कन्सोल टेबल: एक हिवाळा आणि एक उन्हाळा काढल्यावर

पॅरिसजवळच्या आमच्या भाड्याच्या घरात हे टेबल ऑक्टोबरात आलं. घेतलं लिलावात. घाट पंधराव्या लुईच्या काळचा, बनावट मात्र तिसऱ्या नेपोलियनच्या कारकिर्दीतली, म्हणजे १८५२ ते १८७०. अस्सल अठराव्या शतकातलं घ्यायची आमची ऐपत नाही.

आधी हे सांगते की टेबल हवं म्हणून हे घेऊ नका. पाय दोनच, तेही पुढे, आत वळलेले आणि खाली एका जाळीदार शिंपल्यात एकत्र आलेले. मागची बाजू कोरी. भिंतीला जखडल्याशिवाय ते उभंच राहत नाही. वरची संगमरवराची फरशी तीसेक किलोची आणि आमच्या भिंती जिप्समच्या. घरमालकाची परवानगी, सुताराची वेळ आणि लोखंडी कोन लावण्याचा खर्च हे सगळं किमतीत धरा. फरशी मात्र लाजवाब आहे: पिवळे, तांबूस, काळे तुकडे एकात एक रुतलेला ‘ब्रेश दालेप’. हा दगड एक्स-आँ-प्रोव्हान्सजवळच्या ल तोलोनेच्या खाणीतला. त्यावर लिंबू पिळायचं नाही, कॉफीचा कप ठेवायचा नाही. किल्ल्या ठेवते, पण टाकत नाही.

आता नक्षी. मधला शिंपला मुद्दामच तिरका आहे. डावीकडे पानाचं टोक उसळतं, उजवीकडे तेच मुडपून खाली जातं. पाहुणे विचारतात, तुटलाय का? निकोला पिनो (१६८४–१७५४) हा कोरीवकाम करणारा रशियात पीटर द ग्रेटकडे काम करून परतला आणि त्याच्यासारख्यांनी पॅरिसमध्ये ही असमतोल नक्षी रुजवली. ती भरात पाहायची तर मारे भागातल्या सुबीझच्या हवेलीत जावं. तिथले वास्तुकार बोफ्राँने १७३०च्या दशकात सजवलेले दिवाणखाने पाहिले की आपलं टेबल बिचारं फारच शहाण्यासारखं वागतंय असं वाटतं.

जवळून पाहायची जागा पानांच्या शिरांची. लाकडावर खडूची पूड आणि सशाच्या कातडीचा सरस यांचे आठ-दहा हात देतात. त्यात कोरीवकाम बुजतं, म्हणून वाळल्यावर त्या पांढऱ्या थरातच बारीक नक्षी पुन्हा कोरतात. मग पिवळा हात, त्यावर तांबडी माती, त्यावर सोन्याचा वर्ख, आणि शेवटी उठावाच्या जागा अकीकाच्या गुळगुळीत दगडाने चमक येईपर्यंत घोटायच्या. आमच्या टेबलावर कडा झिजून तांबडी माती डोकावते, आणि खोल कोपऱ्यांत जिथे वर्ख पोचलाच नाही तिथे नुसता पिवळा रंग आहे. तंजावरच्या चित्रांतही खडूच्या उठावावर वर्ख चढवतात. भोसल्यांच्या दरबाराने पोसलेली ती कला ज्यांच्या घरात आहे त्यांना हे पटकन कळेल.

या घोटलेल्या आणि न घोटलेल्या सोन्यातला फरक दिसला तरच नक्षी दिसते. छतावरच्या पांढऱ्या एलईडीखाली पहिले काही आठवडे हे टेबल लग्नाच्या हॉलमधल्या खुर्चीसारखं दिसत होतं. नवरा तर परत विकायला निघाला होता. नंतर बाजूला एक बुटका, पिवळ्या प्रकाशाचा दिवा ठेवला. उजेड आडवा पडला आणि पानाची प्रत्येक शीर सुटी झाली. मुळात ही टेबलं दोन खिडक्यांमधल्या भिंतीवर, आरशाखाली, मेणबत्त्यांच्या उजेडासाठीच घडवली जात. तुमच्याकडे आडवा उजेड देता येत नसेल तर पैसे घालवू नका.

हिवाळ्यात खरी परीक्षा झाली. हीटर सुरू झाले, हवेतली आर्द्रता तिशीच्या खाली गेली आणि डाव्या पायावर केसासारखी भेग पडून एक खपली उचलली. दुरुस्ती करणाऱ्या बाईंनी माशाच्या सरसाने ती बसवली आणि आर्द्रता पन्नासच्या आसपास ठेवा म्हणाल्या. आर्द्रतामापक आणि ह्युमिडिफायर घेतला, त्या भिंतीवरचा हीटर बंदच केला. त्यानंतर नवी भेग नाही. सफाई फक्त मऊ, कोरड्या ब्रशने. सांगलीहून आई आली तेव्हा तिने सवयीने ओलं फडकं उचललं. मी अशी ओरडले की शेजारी आले असते. सरस पाण्यात सुटतो, सोनं फडक्यावर येतं.

तक्रार एकच. लिलावाच्या यादीत ‘मूळ मुलामा’ लिहिलं होतं. प्रत्यक्षात दोन्ही पायांच्या मागच्या अंगाला आणि शिंपल्याच्या एका कडेला कुणीतरी ब्राँझचा रंग फासलाय. खऱ्या वर्खात चौकोनी पानं एकमेकांवर चढल्याची पुसट रेघ दिसते. या रंगात ती नाही, आणि तो काळपट तपकिरी पडत चाललाय. कळवलं, उत्तर गुळमुळीत आलं. पाहायला जाल तेव्हा टॉर्च न्या, खाली बसा, पाय मागून बघा. लाकडात टाचणीच्या डोक्याएवढी भोकं असली तर घाबरू नका, पण खाली ताजी पिवळसर भुकटी सांडलेली असेल तर कीड अजून जिवंत आहे.

तो रंग काढून पुन्हा वर्ख चढवण्याचा अंदाज घेतला तर आकडा टेबलाच्या किमतीच्या जवळ गेला. शिंपल्याची कड तेवढी करून घेणार आहोत. पाय मागून कोण बघतंय!