कॅननवर बसलेला हात: पुढचा कॅमेरा कोणता?

कॅनन ८०डी या डीएसएलआर कॅमेऱ्यावर हात बसलाय आणि आता मिररलेस (आत आरसा नसलेला कॅमेरा) घ्यायचाय, तर मेगापिक्सेल बघण्याआधी एक गोष्ट तपासा: नव्या कॅमेऱ्यात काय मेनूतून बदलता येतं आणि काय कायमचं तसंच राहतं. कोल्हापूरच्या खासबाग कुस्ती मैदानात पैलवानानं पट काढला की डोळ्याचं पातं लवेपर्यंत समोरचा चितपट होतो. तिथं अंगठ्यानं डायल चाचपत बसायला सवड नसते.

निकॉन झेड६ टूची बटणं फारशी त्रास देत नाहीत. एव्ही-टीव्हीच्या (अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्सचं भोक किंवा शटरचा वेग आपण ठरवायचे मोड) जागी ए-एस दिसतं, ऑन-ऑफ शटरच्या भोवती आहे, डायल फिरण्याची दिशा मेनूतून उलटी करता येते. मोड डायलवरच्या यू१, यू२, यू३ मध्ये हळद, वरात, कुस्ती अशी वेगवेगळी सेटिंग ठेवता येतात, ही मोठी सोय. खरी अडचण लेन्सची. निकॉनची झूम रिंग कॅननच्या उलट फिरते, लेन्स बसते तीही उलट दिशेनं, आणि यावर कुठल्याच मेनूत इलाज नाही. जवळ यायला जाता आणि फ्रेम लांब जाते. माझ्या मते ८०डीवाल्याला सगळ्यात जास्त दिवस हीच सवय छळते.

सोनी ए७ फोरमध्ये जवळपास प्रत्येक बटणाला हवं ते काम देता येतं. मात्र कॅननचं पाठीमागचं मोठं चाक इथं नाही. त्या जागी छोटं चाक आहे, अंगठा जाड असेल तर ते दुकानातच फिरवून बघा.

फुजी एक्स-टी५ ची तऱ्हाच वेगळी. मोड डायल नाही. शटर आणि आयएसओच्या (प्रकाशाला कॅमेरा किती संवेदनशील ते) स्वतंत्र डायल, बहुतेक एक्सएफ लेन्सवर अ‍ॅपर्चरची रिंग. कॅमेरा बंद असतानाही बरंचसं सेटिंग वरून वाचता येतं. रंकाळ्यावर, पन्हाळ्यावर निवांत फोटो काढणाऱ्यानं मी तर हाच घ्यावा म्हणेन. वरातीत प्रकाश सारखा बदलत असताना मात्र प्रत्येक डायल वेगळी फिरवणं जड जातं.

आणि कॅननमध्येच राहिलात तर? आर६ मार्क टूवर झूमची दिशा तीच, मागचं चाकही तिथंच. फक्त ऑन-ऑफ उजवीकडे गेलंय आणि डावीकडच्या स्विचनं फोटो-व्हिडिओ बदलतं. जुन्या सवयीनं डावीकडे बोट गेलं तर ऐन अक्षतांच्या वेळी कॅमेरा व्हिडिओत जाईल, म्हणून पहिला आठवडा घरीच सराव करा.

जोतिबाच्या यात्रेत गुलाल उधळत असताना लेन्स काढायची नसते, त्यामुळे दोन बॉडी लागतात. जुनी ८०डी दुसऱ्या खांद्यावर ठेवणार असाल, तर आर६ मार्क टूच घ्या. कॅननच्या जुन्या ईएफ लेन्स ८०डीवर थेट आणि आर६ मार्क टूवर अडॅप्टर लावून चालतात. ८०डी विकूनच टाकणार असाल, तरच निकॉन-सोनीकडे वळा.