झिजलेला दात: डॉक्टरांच्या नजरेतून की पेशंटच्या तोंडून?

कैरीचा पहिला घास घेतला की दात आंबतात, ते तासाभरात विसरतो आपण. पण आम्लाने होणारी झीज परत भरून येत नाही. ती झीज आणि तिचा त्रास मोजायच्या दोन तऱ्हा आहेत.

पहिली ‘बेवे’, म्हणजे बेसिक इरोसिव्ह वेअर एक्झामिनेशन, 2008 सालची. तोंडाचे सहा भाग करायचे आणि प्रत्येक भागातल्या सगळ्यात खराब पृष्ठभागाला 0 ते 3 गुण द्यायचे. नुसती चकाकी गेली तर 1, निम्म्यापेक्षा कमी पृष्ठभाग झिजला तर 2, निम्मा किंवा जास्त गेला तर 3. बेरीज 18 पर्यंत जाते. 14 किंवा जास्त आली तर धोका मोठा. दाढेच्या टोकावर वाटीसारखा खळगा, आणि जुनं फिलिंग बेटासारखं वर उरलेलं: हे एकदा पाहिलं की विसरत नाही.

दुसरी ‘ओएचआयपी-14’, म्हणजे ओरल हेल्थ इम्पॅक्ट प्रोफाइल, 1997 ची; तोंडाच्या तक्रारींचा रोजच्या जगण्यावर किती परिणाम होतो ते ती मोजते. इथे आरसा नाही, फक्त 14 प्रश्न. खाताना त्रास होतो का? दातांमुळे अवघडल्यासारखं वाटतं का? ‘कधीच नाही’ला 0, ‘फार वेळा’ला 4, कमाल 56.

गंमत म्हणजे दोन्ही आकडे जुळतीलच असं नाही. झीज बरीच, तरी माणूस मजेत सोलकढी पितो. दुसऱ्याच्या पुढच्या दातांच्या कडा जरा पारदर्शक झाल्या की तो फोटोत हसणंच सोडतो. शिवाय थंड पाण्याने येणाऱ्या सणकेबद्दल ओएचआयपी थेट विचारतच नाही, ही मला मोठी उणीव वाटते.

एकच निवडायची तर मी बेवे घेईन. दाताला कॅप घालायची की नाही हे ठरवताना मात्र प्रश्नावली आधी.