होम इन्शुरन्स: अडीच वर्षं हप्ते, एक क्लेम आणि सुताराची पेन्सिल

भारत गृह रक्षा ही सगळ्या कंपन्यांची एकसारखी घरविमा पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून सुरू आहे, कव्हर सगळीकडे तेच, त्यामुळे उजळणी करत नाही. माझी पॉलिसी गृहकर्जासोबत गळ्यात पडली. नाशिकला गोदावरीचा पूर ज्याच्यावरून मोजतात तो दुतोंड्या मारुती बुडाला तरी आमच्या इंदिरानगरात तिसऱ्या मजल्यावर काय पाणी येणार, असं म्हणत दर वर्षी कुरकुरत हप्ता भरला.

गेल्या पावसाळ्यात बाल्कनीच्या भिंतीला ओल आली. म्हटलं, पैसे भरलेत तर वसूल करू. क्लेम फेटाळला. भांडलो. पुण्याच्या विमा लोकपालाकडे जाणार होतो, पण त्याआधी कंपनीकडे लेखी तक्रार आणि महिनाभर थांबणं आलं. त्या महिन्यात प्रथमच पॉलिसी वाचली. हळूहळू झिरपणं म्हणजे झीज, ती यात बसत नाही. तक्रार गुपचूप सोडून दिली.

यंदा जूनमध्ये पहाटे बाथरूमच्या माळ्यावरची टाकी तडकली. टाकी किंवा पाइप फुटणं मात्र बसतं. माझा हिशेब साधा: पाच हजारांच्या आतलं नुकसान असेल तर अर्ध्या दिवसाची रजा आणि झेरॉक्स परवडत नाही. हे अडतीस हजारांवर गेलं होतं, म्हणून सकाळी आठलाच फोन केला. मुख्य नळ बंद केला, तडकलेल्या टाकीचे, फुगलेल्या कपाटाचे फोटो काढले. चूक एकच झाली. नुकसान मोजणारा कंपनीचा सर्व्हेअर यायच्या आत हिने भिजलेली गादी घंटागाडीत दिली. गादीचे पैसे गेले. खालच्या वहिनींच्या पीओपीचे पैसेही खिशातूनच, कारण पॉलिसी माझ्या घराची, त्यांच्या छताची नाही.

आता कपाट. सर्व्हेअरने बिल मागितलं आणि मी गप्प. अठरा टक्के जीएसटी वाचवायला सुताराला रोख दिले होते, कागद शून्य. तीन दिवस मी त्या बिलावरून घरात सगळ्यांवर खेकसत होतो. शेवटी दार उघडून दाखवलं, तर आतल्या प्लायवर सुताराची पेन्सिल: तारीख, मापं, "एकूण ३१,०००, जमा २५,०००". सर्व्हेअर हसला, फोटो काढला आणि दुरुस्तीचं कोटेशन तरी लेटरहेडवर आणा म्हणाला. ते आणलं.

सव्वा महिन्यात २६,४०० खात्यात आले. फॉलोअपचे चार फोन धरूनही, मला वाटलं होतं त्याहून बरं. आतापर्यंतचे सगळे हप्ते मिळून इतके होत नाहीत, हे मी दोनदा मोजलं.

कपाट नवीनच करतोय. सुताराला या वेळी पक्कं बिल मागितलं. म्हणाला, "साहेब, अठरा टक्के वर लागतील." दोन दिवस झाले, अजून हो म्हटलेलं नाही.