बागेतली ओपन जिम बायकांच्या किती कामाची?

महापालिका आणि नगरपालिका बायकांच्या व्यायामासाठी जे करतात, त्यातली गल्लोगल्ली दिसणारी सोय म्हणजे बागेतली ओपन जिम. फी नाही, नावनोंदणी नाही, पंजाबी ड्रेसवर किंवा साडीवरही जाता येतं, घरातून चालत दहा मिनिटांत पोचता येतं. एवढ्यासाठीच तिला पाचपैकी तीन गुण. उरलेले दोन का नाहीत, ते पुढे.

सगळ्यात जास्त रांग एअर वॉकरला, म्हणजे दोन लोंबत्या पट्ट्यांवर उभं राहून पाय पुढे-मागे झुलवायच्या यंत्राला असते. त्याने गुडघे आणि खुबे मोकळे होतात, पण ताकद वाढत नाही, कारण पाय नुसते झुलतात. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते आणि शिवाय किमान २ दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम. पहिला हिस्सा बागेतल्या चालण्याच्या ट्रॅकवरच भागतो. दुसऱ्यासाठी चेस्ट प्रेस, लेग प्रेस आणि वरून खाली ओढायचं लॅट पुल ही यंत्रं धरा. त्यांत आपल्याच वजनाचा काही भाग उचलावा लागतो. १० ते १२ वेळा, दोन सेट, आणि शेवटच्या दोन-तीन वेळा जड गेल्या पाहिजेत. इथे वजन वाढवायची सोय नसते, म्हणून सोपं वाटायला लागलं की वेग कमी करायचा: दोन आकडे मोजत ढकला, चार आकडे मोजत परत या. पाळी जाण्याच्या वयात हाडं झपाट्याने विरळ होतात, त्या वयाला हा ताण फार गरजेचा आहे. ट्विस्टरवर, म्हणजे कंबर डावी-उजवीकडे वळवायच्या फिरत्या चकतीवर, उभं राहून पोट उतरत नाही. कंबरेचं दुखणं असेल तर त्यावर चढूच नये.

एअर वॉकरवर पाय ठेवण्याआधी त्याची पट्टी हाताने हलवून बघा. करकर आवाज आला तर ग्रीस संपलंय, चालेल. पट्टी आडवी डुगडुगली तर बेअरिंग झिजलंय, चढू नका. टोकाला लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा ठक्क आवाज आला तर रबरी स्टॉपर गेलाय, पाय त्यात सापडू शकतो. ओढणी कमरेला गाठ मारून बांधा, पदर नीट खोचा; सांध्यात कापड अडकणं हा इथला खरा धोका आहे. आणि उतरताना पट्ट्या पूर्ण थांबू द्या. उतरतानाही तोल जाऊ शकतो.

यंत्रं बंद पडून महिनोन्‌महिने तशीच का राहतात, त्याचं कारण साधं आहे. बसवायला निधी मिळतो, उद्घाटन होतं, ठेकेदाराचा दोषदायित्व कालावधी (बिघाड त्याने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायची मुदत) संपतो आणि नंतरच्या ग्रीस-बोल्टची तरतूद कुणाच्याच खात्यात नसते. त्यात बाग उद्यान विभागाची, दिवे विद्युत विभागाचे, स्वच्छतागृह तिसऱ्याचं. म्हणून ‘जिम खराब आहे’ अशी मोघम तक्रार फिरत राहते. बागेचं नाव, प्रभाग क्रमांक, यंत्राचं नाव, तुटलेल्या भागाचा जवळून फोटो, आणि दोषदायित्व कालावधी कधी संपतो हा प्रश्न, एवढं लिहून क्षेत्रीय कार्यालयात द्या आणि पोच घ्या. उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून.

गुण जातात ते मुख्यतः बागेच्या वेळांपायी. अनेक बागा सकाळी दहा-अकराला बंद होतात आणि चारला उघडतात. डबे, शाळा, पाणी उरकून घरातल्या बाईला नेमका तोच वेळ मोकळा मिळतो. नोकरी करणारी सातनंतर येते, तेव्हा जिमच्या कोपऱ्यातला दिवा बंद. स्वच्छतागृहाला कुलूप असेल तर मधुमेहाची किंवा साठीपुढची बाई पुन्हा फिरकत नाही. नवीन यंत्र आणण्याआधी हा एक दिवा आणि ही एक किल्ली बघा, असं आम्ही ठामपणे म्हणू.

मुलींसाठी मात्र ही सोय जवळपास निरुपयोगी आहे. अशा यंत्रांचं युरोपीय मानक १४० सेंटिमीटरपेक्षा उंच माणसासाठी आहे. दहा वर्षांच्या बहुतेक मुली त्यात बसत नाहीत. त्यांना मैदान हवं, आणि ते क्रिकेटने व्यापलेलं असतं. व्हिएन्नात १९९० च्या दशकात नेमकं हेच दिसलं: साधारण नऊ वर्षांनंतर मुली बागांत यायच्या थांबत. १९९९ मध्ये तिथल्या मार्गारेटेन भागातल्या दोन बागांची रचना बदलली. मोठी मोकळी जागा लहान भागांत विभागली, पायवाटा वाढवल्या, व्हॉलीबॉल आणि बॅडमिंटनची सोय केली. मुली परतल्या. आपल्याकडे हे अवघड नाही. बॅडमिंटनच्या कोर्टाला १३.४ बाय ६.१ मीटर लागतात. लंगडी आणि डॉजबॉलला तर चुन्याच्या रेघा पुरतात.

पैशाचं म्हणाल तर महापालिकेच्या अंदाजपत्रकात महिला व बालकल्याणासाठी ५ टक्के राखीव ठेवायचे असतात. त्यातून शिलाई मशीन आणि पार्लरचे वर्ग होतात. आठवड्यातून तीन दिवस बागेत महिला प्रशिक्षक त्यातूनच मागता येते. पुण्यात २००६ पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामं मागवली जातात. अर्जात ‘ओपन जिम’ असं लिहू नका. ‘अमुक बागेत जिमजवळ दोन दिवे, दुपारी बाग उघडी, स्वच्छतागृहाला दिवसभर माणूस’ असं लिहा.