खिशातलं लाल कार्ड: कुठे कामी येतं, कुठे तोकडं पडतं

व्यवसायपत्राएवढं लाल कार्ड. एका बाजूला दारात उभ्या असलेल्या इमिग्रेशन एजंटला उद्देशून इंग्रजी मजकूर, दुसऱ्या बाजूला कार्डधारकाला त्याच्या भाषेत सूचना. सॅन फ्रान्सिस्कोच्या इमिग्रंट लीगल रिसोर्स सेंटर या संस्थेचं (स्थापना 1979) हे ‘रेड कार्ड’ आज अमेरिकेत चर्च, गुरुद्वारा, ग्रंथालयं, मजूर केंद्रं, शाळा असं सगळीकडे वाटलं जातं. पीडीएफ फुकट उतरवता येते. स्पॅनिश, चिनीसह अनेक भाषा आहेत, त्यात हिंदीही आहे. आधी निवाडा सांगतो: प्रत्येक घरात असावं इतकं हे चांगलं आहे. पण मराठी घरांत बहुतेक जण एच-1बी (नोकरीचा व्हिसा), एफ-1 (विद्यार्थी व्हिसा) किंवा ग्रीन कार्डवर असतात, आणि त्यांनी त्यावरचं एक वाक्य जसंच्या तसं पाळलं तर अडचण होऊ शकते. त्याबद्दल पुढे सविस्तर.

इंग्रजी बाजू तीन गोष्टी सांगते. पाचव्या घटनादुरुस्तीच्या आधारे मी बोलणार नाही, उत्तरं देणार नाही, कशावर सही करणार नाही आणि कागद देणार नाही. चौथ्या घटनादुरुस्तीच्या आधारे न्यायाधीशाच्या सहीचं, माझं नाव असलेलं वॉरंट दाराखालून सरकवल्याशिवाय घरात येण्याची परवानगी देणार नाही. आणि माझ्या सामानाची झडती घेऊ देणार नाही. घाबरलेल्या माणसाला ऐन वेळी इंग्रजी सुचत नाही, सुचलंच तर नको ते तोंडून जातं. कार्डाचं खरं काम इथे आहे: ते बोलण्याची गरजच संपवतं.

गप्प राहण्याला कायद्यात ठोस अर्थ आहे. तपासणीशिवाय देशात आल्याचा आरोप असेल तर हद्दपारीच्या खटल्यात हा माणूस परदेशी आहे हे आधी सरकारला सिद्ध करावं लागतं. ते सिद्ध झालं की मग कायदेशीर वास्तव्य दाखवण्याचं ओझं माणसावर येतं. पुष्कळदा सरकारच्या हातात परदेशी असण्याचा एकच पुरावा असतो, तो म्हणजे “तुझा जन्म कुठला?” या प्रश्नाला अटकेच्या वेळी दिलेलं उत्तर. तो प्रश्न गप्पांच्या ओघात, अगदी हसत विचारला जातो. व्हिसावर आलेल्यांची नोंद सरकारकडे आधीच असते, त्यामुळे त्यांना मौनाचा हा फायदा कमी. पण एक धोका सगळ्यांना सारखाच आहे: घाबरून “मी अमेरिकन नागरिक आहे” असं खोटं सांगणं. त्याने पुढे ग्रीन कार्डाचा रस्ता कायमचा बंद होऊ शकतो. गप्प राहा, पण खोटं बोलू नका, एवढं घरातल्या प्रत्येकाला पाठ हवं.

असं कार्ड लागतंच कशाला, हे ज्यांनी ॲरिझोना आणि अलाबामाची वर्षं पाहिली त्यांना सांगावं लागत नाही. 23 एप्रिल 2010 रोजी ॲरिझोनात एसबी 1070 या राज्याच्या कायद्यावर सही झाली. दुसऱ्या कारणासाठी अडवलेल्या माणसाबद्दल ‘वाजवी संशय’ आला तर पोलिसांनी त्याचा इमिग्रेशन दर्जा तपासावा, असं त्यात होतं. संशय कशावरून, याचं व्यवहारातलं उत्तर कातडीचा रंग आणि बोलण्याची धाटणी असंच निघणार होतं. जून 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्याची तीन कलमं रद्द केली, पण ‘कागद दाखवा’ हे कलम त्या टप्प्यावर राहू दिलं. अलाबामाच्या 2011 च्या एचबी 56 ने तर शाळांनाही मुलांचा दर्जा नोंदवायला लावलं. त्याच कायद्याखाली टस्कलूसामध्ये मर्सिडीजचा एक जर्मन अधिकारी गाडीत योग्य कागद नसल्याने पकडला गेला, तेव्हा कुठे राज्यातल्या उद्योगपतींना त्याची झळ जाणवली.

वस्तीतले लोक गप्प बसले नाहीत. फीनिक्समध्ये गल्लोगल्ली बचाव समित्या उभ्या राहिल्या, स्पॅनिशमध्ये ‘कोमितेस दे देफेन्सा देल बारियो’. दारावर थाप पडली तर काय म्हणायचं, मुलांना कोण सांभाळणार, वकिलाला कोण फोन करणार हे बैठकांमध्ये ठरवलं जाई. मॅरिकोपा काउंटीचा शेरिफ जो अर्पायो याच्याविरुद्धचा मेलेंद्रेस खटला 2007 पासून चालला आणि मे 2013 मध्ये न्यायालयाने त्याच्या खात्याने वंशावरून लोकांना अडवल्याचं मान्य केलं. तो निकाल अडवलेल्या चालक-प्रवाशांच्या साक्षी आणि थांबवलेल्या गाड्यांच्या नोंदी यांवर उभा राहिला. तारीख, वेळ, जागा लिहून ठेवण्याचं मोल काय, ते यातून कळतं.

कार्डाची सगळ्यात भक्कम जागा म्हणजे घराचं बंद दार. इथे ते जवळजवळ पूर्ण गुण मिळवतं, पण वॉरंट ओळखता आलं तरच. आयसीईचे (इमिग्रेशन कायद्याखाली धरपकड करणाऱ्या संघराज्याच्या यंत्रणेचे) एजंट बहुधा फॉर्म आय-200 किंवा आय-205 घेऊन येतात. त्यावरही ‘वॉरंट’ असंच छापलेलं असतं, म्हणून लोक फसतात. कागदाच्या माथ्यावर डिपार्टमेंट ऑफ होमलँड सिक्युरिटीचं (आयसीई याच खात्यात येतं) नाव आणि तळाशी इमिग्रेशन अधिकाऱ्याची सही असेल तर ते खात्याने स्वतःच काढलेलं प्रशासकीय वॉरंट. त्यासाठी दार उघडायला तुम्ही बांधील नाही. न्यायालयीन वॉरंटावर न्यायालयाचं नाव असतं, बहुधा ‘युनायटेड स्टेट्स डिस्ट्रिक्ट कोर्ट’, आणि न्यायाधीशाची किंवा मॅजिस्ट्रेटची सही. इमिग्रेशन जज या हिशेबात धरायचा नाही, तो न्याय खात्याचा कर्मचारी असतो. नाव, पत्ता, तारीख अक्षरशः बोट ठेवून वाचा.

‘दाराखालून सरकवा’ हे वाक्य लिहिताना नव्या अपार्टमेंटांची दारं कोणी पाहिली नसावीत. थंडी आत येऊ नये म्हणून दाराच्या तळाशी रबरी पट्टी असते आणि तिथून कागद जात नाही. मग लोक “जरासंच” दार उघडतात आणि तिथेच घात होतो, कारण उघडलेलं दार म्हणजे परवानगी असा अर्थ लावला जाऊ शकतो. वॉरंट खिडकीच्या काचेला किंवा दाराच्या भोकासमोर धरायला सांगा. साखळी लावूनही उघडू नका. एजंट नुसतं “पोलीस” म्हणतात, कधी भलत्याच माणसाचा फोटो दाखवून “याला ओळखता का?” म्हणून सुरुवात करतात. उत्तर तेच: बंद दाराआडून कार्ड. तरीही ते बळाने आत शिरले तर अडवू नका, हात दिसतील असे ठेवा आणि मोठ्याने “आय डू नॉट कन्सेंट” म्हणा. पुढे वकील त्या वाक्यावर उभा राहतो.

चौघांत भाड्याने राहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी एक गोष्ट कार्डावर नाही आणि ती असायला हवी होती. एका रूममेटने “या” म्हटलं आणि तिथे हजर असलेल्या दुसऱ्या कोणी नकार दिला नाही, तर बैठकीच्या खोलीसारख्या सामायिक जागेत एजंट येऊ शकतात. म्हणजे चौघांपैकी तिघांनीच कार्ड पाठ करणं पुरेसं नाही.

आता ते अडचणीचं वाक्य: ‘कागद देणार नाही’. कार्ड मुळात ज्यांच्याकडे कागद नाहीत त्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय. पण संघराज्याच्या कायद्याप्रमाणे 18 वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येक बिगरनागरिकाने नोंदणीचा पुरावा सतत जवळ बाळगायचा असतो. न बाळगणं हा किरकोळ गुन्हा आहे आणि त्याला 30 दिवसांपर्यंत कैद होऊ शकते. ग्रीन कार्डवाल्यांनी मूळ कार्ड, व्हिसावाल्यांनी आय-94 (देशातल्या प्रवेशाची आणि मुक्कामाच्या मुदतीची नोंद) जवळ ठेवावं. ते आता सीबीपीच्या (सीमेवर आणि विमानतळावर तपासणी करणारं खातं) संकेतस्थळावरून छापून घ्यावं लागतं. मुदतवाढ मिळाली असेल तर आय-797 या मंजुरीच्या नोटिशीच्या तळाशी नवं आय-94 असतं, ते कापून ठेवा. एजंटने कागद मागितला आणि तो जवळ असेल तर दाखवायचा, आणि बाकी प्रश्नांना कार्ड पुढे करायचं. पाकिटात पुढे आय-94, त्यामागे लाल कार्ड. अमेरिकन नागरिकाला देशात फिरताना असा कुठलाच कागद बाळगायची सक्ती नाही.

गाडीत कार्डाचे गुण घटतात. चालकाला परवाना, नोंदणी आणि विमा दाखवावाच लागतो. ॲरिझोनासारख्या काही राज्यांत पोलिसांनी रीतसर अडवलं तर खरं नावही सांगावं लागतं. सोबतचा प्रवासी “ॲम आय फ्री टू लीव्ह?” विचारू शकतो, आणि हो म्हटलं तर शांतपणे, न पळता निघू शकतो. विमानतळावरच्या इमिग्रेशन काउंटरवर हे कार्ड काढूच नका: व्हिसाधारक तिथे उत्तरं द्यायला नकार देईल तर त्याला प्रवेशच नाकारला जाऊ शकतो.

आणखी एक उणीव. कार्डावरच्या सूचना ‘इमिग्रेशन एजंट’विषयी बोलतात. पण आयसीईशी होणाऱ्या 287(जी) नावाच्या करारांखाली स्थानिक पोलिसांनाही इमिग्रेशनचे अधिकार मिळतात. त्यातलं रस्त्यावर लोकांना अडवू देणारं ‘टास्क फोर्स’ रूप 2012 मध्ये बंद झालं होतं, 2025 मध्ये परत आलं. म्हणजे समोरचा गणवेश काउंटी शेरिफचा असला तरी प्रश्न आयसीईचे असू शकतात. तुमच्या काउंटीचा करार आहे का, हे कार्ड वाटणाऱ्या प्रत्येक गटाने आधी पाहून सांगायला हवं.

कार्ड तुम्हाला अडवण्यापासून वाचवत नाही, हे तर ठळक सांगावं लागेल. नुसत्या मेक्सिकन दिसण्यावरून गाडी थांबवता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 1975 मध्येच म्हटलं, मात्र इतर कारणांच्या जोडीला ‘दिसणं’ धरायला वाव ठेवला. जुलै 2025 मध्ये लॉस एंजेलिसच्या न्यायाधीशांनी वंश, भाषेची धाटणी, कामाचं स्वरूप आणि जागा एवढ्याच आधारावर अडवायला मनाई केली. 8 सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने त्या मनाईला स्थगिती दिली. हा भेदभाव आहे आणि तो डोळ्यांदेखत चाललाय. कार्ड उपयोगी पडतं ते अडवल्यानंतरच्या पहिल्या पाच मिनिटांत.

छपाईचं थोडं. पीडीएफ ‘ॲक्चुअल साइझ’वर छापा, ‘फिट टू पेज’ने अक्षरं आणखी बारीक होतात. दोन्ही बाजूंचं छापताना आधी एकच पान काढून पाठपोट जुळतात का ते बघा, नाहीतर एका कार्डाच्या पाठीवर दुसऱ्याचं अर्धं वाक्य येतं. घरच्या इंकजेटवर लाल रंगाची शाई भराभर संपते आणि साध्या कागदावर बारीक अक्षरं फुगून मिटतात. जाड कार्डस्टॉक आणि लेझर प्रिंट घ्या, शंभरच्या वर हवी असतील तर सरळ छापखान्यात द्या. कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवून भागत नाही, कारण तो दाखवायला अनलॉक केलेला फोन एजंटच्या हातात द्यावा लागेल.

पण नुसती कार्डं वाटून मोकळे होणारे गट अर्धंच काम करतात. उरलेलं अर्धं म्हणजे फोन उचलणारी माणसं. जिथे रॅपिड रिस्पॉन्स हॉटलाइन (छाप्याची खबर घेणारा स्वयंसेवकांचा फोन) आहे तिथे तिचा नंबर कार्डाच्या कडेला चिकटवा आणि पाठही करा, कारण अटकेत फोन काढून घेतात. छाप्याची खबर देताना स्वयंसेवक सहा गोष्टी सांगतात: किती जण, काय करताहेत, नेमके कुठे, गणवेश कोणता, किती वाजता, सोबत काय गाड्या-शस्त्रं. “अमुक चौकात आयसीई आलंय म्हणे” असा व्हॉट्सॲपचा निरोप याच्या उलट घात करतो. खात्री नसलेल्या अफवेने लोक कामावर जायचे, मुलं शाळेत जायची थांबतात. 2025 मध्ये शिकागोच्या वस्त्यांत लोकांनी शिट्ट्या वाटल्या. शिट्टी वाजली की शेजारी बाहेर येतात आणि चित्रण करतात. सार्वजनिक जागेतून चित्रण करणं हा हक्क आहे. अंतर ठेवा, मागे हटायला सांगितलं तर “हटतोय” म्हणत हटा, मध्ये पडू नका. कॅमेरा एजंटांच्या कृतीवर ठेवा आणि पकडलेल्या माणसाचा चेहरा समाजमाध्यमांवर टाकू नका.

कार्डासोबत घरात एक पाकीट करून ठेवा. प्रत्येकाचा ए-नंबर (इमिग्रेशन खात्याने दिलेला ओळख क्रमांक) असेल तर तो, पासपोर्टची प्रत, वकिलाचं नाव, आणि मुलांना कोणाकडे सोपवायचं त्याचं सही केलेलं पत्र. आयसीईच्या ऑनलाइन लोकेटरवर अटकेतल्या माणसाचा शोध ए-नंबर आणि जन्मदेश यांवरून चालतो. नावावरून शोधायचं तर स्पेलिंग त्यांच्या नोंदीशी तंतोतंत जुळावं लागतं, आणि आपली लांबलचक नावं तिथेच अडतात. इमिग्रेशन कोर्टात सरकार वकील देत नाही. तो आधीच शोधून ठेवायचा.

आणि सगळ्यात जास्त सराव लागतो तो सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-बाबांना. मुलगा-सून कामावर, नातवंडं शाळेत, दुपारी बेल वाजते ती त्यांच्या कानावर. दारात आलेल्याला पाणी विचारणारी ही पिढी. दार न उघडणं त्यांना उद्धटपणा वाटतो. त्यांना हिंदी बाजूचं कार्ड द्या, दुसरं दाराच्या आतून, कडीच्या वर, डोळ्यांच्या उंचीवर चिकटवा, आणि त्यांच्या आय-94 ची प्रत शेजारच्या खणात ठेवा. मग एका रविवारी बाहेर जाऊन स्वतः बेल वाजवा, “पोलीस, ओपन द डोअर” म्हणून ओरडा, आणि आई दार न उघडता कार्ड काचेला लावते का ते बघा. पहिल्यांदा उघडतीलच. तीन-चार वेळा करा.