उंचावरचा विमानतळ की तापलेला? विमानाची वेळ निवडण्याआधी

उन्हाळ्यात सकाळचं विमान घ्यावं की दुपारचं, हे नुसत्या झोपेच्या सोयीवर ठरवू नका. विमानतळ किती उंचीवर आहे आणि तिथे दुपारी पारा कुठवर चढतो, हे आधी बघा.

उंची असो वा ऊन, दोन्हींमुळे हवा विरळ होते. विरळ हवेत पुरेशी उचल मिळायला विमानाला जमिनीवर जास्त वेग घ्यावा लागतो आणि नेमका तेव्हाच इंजिनाचा जोर घटलेला असतो. धावपट्टी जास्त लागते. ती आयत्या वेळी लांबवता येत नाही, म्हणून वजन कमी करतात: कधी माल मागे राहतो, कधी प्रवासीसुद्धा.

दोन्हींत भारी कोण? माझ्या मते उंचीच. प्रमाण तापमानापेक्षा (समुद्रसपाटीवर 15 अंश, पुढे दर 1,000 फुटांना साधारण 2 अंश कमी) दर 1 अंश सेल्सिअस वाढीला विमान साधारण 120 फूट आणखी उंचावर असल्यासारखं वागतं. समुद्रसपाटीवर 45 अंश असले तरी हिशेब 3,600 फुटांच्या आसपासच थांबतो. लेहचा विमानतळ मुळात 10,600 फुटांहून उंच. तिथे 30 अंशांना तोच हिशेब 15,000 च्या घरात जातो.

पण उंची रोज तीच असते, त्यामुळे तिची तयारी आधीच करता येते. उंचावरच्या विमानतळांची धावपट्टीच लांब बांधतात: बोलिव्हियातल्या एल आल्तोची धावपट्टी 4,000 मीटरची आहे, अमेरिकेतल्या डेन्व्हरची सर्वांत लांब धावपट्टी जवळपास 4,900 मीटरची. ऊन मात्र ऐनवेळी घात करतं. जून 2017 मध्ये अमेरिकेतल्या फिनिक्सला पारा 48 अंशांवर गेला, तेव्हा छोटी प्रादेशिक जेट विमानं जमिनीवरच राहिली. त्यांची तापमानाची मर्यादा 48 च्या आसपास होती. मोठ्या बोइंग-एअरबसची मर्यादा 52 अंशांच्या वर असल्याने ती उडत राहिली. जुलै 2024 मध्ये तर लेहला उंची आणि ऊन एकत्र आले आणि काही उड्डाणं रद्द करावी लागली.

म्हणून सपाटीवरच्या तापलेल्या शहरातून मोठं विमान असेल, तर दुपारची वेळ बिनधास्त घ्या. छोटं जेट असेल तर सकाळ बरी. उंचावरून निघायचं असेल तर मिळेल ते सगळ्यात पहिलं विमान घ्या, आणि पुढचं परदेशी उड्डाण त्याच दिवशी ठेवू नका.